एक फर्मा कमी

"बाबा, हे मागाहून घुसडलंय," ती म्हणाली आणि कादंबरीची नवी आवृत्ती तिने टेबलावर आपटली. "हे आठवं प्रकरण. आम्ही वाचलं तेव्हा हे नव्हतंच."

बाबा खिडकीशी बसून वाटाणे सोलत होते. जन्मभर पुस्तकांची बांधणी केलेला माणूस. दुकान बंद करून वर्षं झाली तरी हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या कलेत ते पहिल्यापासून पारंगत होते.

कादंबरी कित्येक वर्षांनी पुन्हा छापली गेली होती आणि गदारोळही तोच, जुनाच. नापास मुलांची रवानगी शाळेच्या भटारखान्यात करणारे मुख्याध्यापक आणि स्नेहसंमेलनाच्या जेवणात बोटं चाटत "वा, काय चव आहे!" म्हणणारे पालक, अशी ती गोष्ट. वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं येत होती. कुणी म्हणे, जाळून टाका. कुणी म्हणे, हसून हसून पोट दुखलं. एका आजोबांनी कळवलं होतं की त्यांनी जेवण सोडलं, पण पुस्तक सोडवेना.

तिला मात्र ती पत्रं वाचताना दुकानाचा वास आला. शिजलेली खळ, तिच्यातला मोरचूद, ताजा कापलेला पुठ्ठा. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, उंटीण आणि चिमणी, शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या खोलीत पडीक असत. वाचनालयाची फाटकी पुस्तकं तिथे बांधायला येत. बाबा जुना पुठ्ठा सोलून काढत, दोरे कापत आणि पुस्तकाचे फर्मे सुटे होत. सोळा-सोळा पानांच्या त्या घड्या तिघी वाटून घेत. कुणाला सुरुवात मिळे, कुणाला शेवट. जिचं आधी संपे ती दुसरीच्या हातातला फर्मा ओढून घेई.

ही कादंबरी त्यांनी अशीच उलटसुलट वाचली. उंटीण हसून हसून जमिनीवर लोळली. चिमणी मोरीवर जाऊन ओकली आणि तोंड पुसत पुसत म्हणाली, "पुढचं दे." मधेच एक मुलगी गोष्टीतून नाहीशी झालेली होती, पण त्या कादंबरीत कोण कधी नाहीसं होईल याचा नेमच नव्हता. किती सुखाचं होतं ते घाबरणं! तसं घाबरणं पुन्हा आयुष्यात आलं नाही. नंतर आल्या त्या नुसत्या काळज्या.

मग घरोघरी कळलं. चिमणीला आईने बदडलं. उंटिणीच्या वडिलांनी तिचं दुकानात येणंच बंद केलं. आणि हिच्या बाबांनी? काही नाही. कसलं पुस्तक, काय वाचता, एक शब्द नाही. "पुस्तकं वाचत बसणारा बाइंडर उपाशी मरतो," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि तिला ते खरंच वाटे. आधी तिने मैत्रिणींपुढे कॉलर ताठ केली. पण मग तिला आठवलं, ते पुस्तक हाती येण्याच्या थोडंच आधी गणितात नापास होऊन तिने भीत भीत प्रगतिपुस्तक पुढे केलं होतं, तेव्हाही त्यांनी त्यावर नजर टाकली, सही केली आणि म्हणाले, "ते दाभण दे इकडे."

एक शिवी दिली असती तरी तिला चाललं असतं. त्या दिवसापासून तिने मनाशी धरलं, की यांच्या लेखी मी आणि वाचनालयाचं पुस्तक सारखंच. नीट बांधायचं आणि ज्याचं त्याला देऊन टाकायचं. लग्न झालं, नोकरी झाली, केस पिकले; ती दर आठवड्याला बाबांकडे येत राहिली, औषधं आणत राहिली, पण ते शल्य काही गेलं नाही.

"उंटिणीला फोन केला, चिमणीला केला," ती आता म्हणाली. "दोघीही शपथेवर सांगतात, असं प्रकरण नव्हतं. रक्ताचा थेंब नाही त्यात! मुलगी नापास होते. शाळेचा माणूस दारात येतो. तिचा बाप चष्मा लावतो, शांतपणे सही करतो आणि मुलीचे बूट पुसून ठेवतो, उद्या शाळेत नीटनेटकी दिसायला हवी म्हणून. इतकंच. आणि वाचताना मला घाम फुटला."

"मागाहून नाही घुसडलेलं," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"वाचली होती की. तुमच्या हातात देण्याआधी सगळी वाचली होती." त्यांनी एक शेंग फोडली. "तेवढा फर्मा काढून पुठ्ठ्यांच्या थप्पीखाली ठेवला. तुमचं वाचून झालं, मग जागच्या जागी लावून शिवून टाकला."

बाबांनी वाचली होती. तिच्यासाठी वाचली होती. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि आधी राग बाहेर पडला.

"माणसं कापलेली वाचू दिलीत, शिजवलेली वाचू दिलीत, आणि काढून ठेवलंत ते हे?"

बाबांचे हात पहिल्यांदाच थांबले.

"बाकीचं सगळं खोटं आहे, हे तुला कळत होतं," ते म्हणाले. "पण तू तेव्हा नुकतीच नापास झाली होतीस, बाळा. हे तुला खरं वाटलं असतं."