रेघेखालची ओटी

धरणाचे दरवाजे उघडले, तशी केतकीच्या दारासमोर तिसऱ्या पायरीवर निळी रेघ उजळली. नदी तिथवरच येणार. केतकीने रेघेखालच्या पायरीवर ओटीचा खण, तांदूळ आणि नारळ ठेवला.

पूर्वी एका महापुरात सासूबाईंचं घर वाहून गेलं होतं. म्हणून आताही त्या गाठोडं उराशी धरून दारात उभ्या होत्या. "नदीला रेघ कळते होय?"

"नदीला नाही, आत्या. धरणातनं किती सोडलं की इथं किती चढतं, ते यंत्राला कळतं. बोटभर चूक होत नाही."

पाणी चढत आलं, रेघेला टेकलं आणि थांबलं. नारळ अलगद तरंगत निघाला.

 सासूबाईंनी गाठोडं सोडून त्यातनं कुंकवाचा करंडा काढला.

"ओटी भरलीस, पण कुंकू लावलं नाहीस," पायऱ्या उतरत त्या म्हणाल्या. "दारात आलेलीला असं पाठवतं का कुणी?"