अख्खी मोची

शेगडीवर लाल चवळीची गोड खीर, ओशिरुको, रटरटत होती. गेल्या जानेवारीत तिच्यातली मोची, तांदळाचा चिकट गोळा, घशात अडकूनच सासूबाई गेल्या, म्हणून फुमिए त्यांच्या वाटीतली मोची नखाएवढी बारीक चिरत होती.

"अगं वेडे, वाटी आईच्या फोटोपुढे ठेवायचीय!" तेत्सुरो हसला. "आता काय अडकणार तिला? जन्मभर मोठ्या तुकड्यासाठी भांडली बिचारी. घाल अख्खी."

"भीतीच बसलीय हो मनात," म्हणत फुमिएने अख्खी मोची वाटीत सोडली. वाफाळती वाटी पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवून, घंटी वाजवून तेत्सुरो बाहेर आला. घरात दोघंच. दोघांनी आपापली वाटी ओठांना लावली.



तोच देव्हाऱ्याच्या खोलीतून जोराचा ठसका ऐकू आला.