फणीचा दुसरा दात

गजराचं घड्याळ खणखणलं आणि दुपारची शांतता मोडली. कावेरीनं घराच्या पुढच्या खोलीतल्या लॅबमध्ये नव्या चाचणीची प्लास्टिकची फणी उचलली. मलेरियाच्या गोळ्या घेऊनही एका ऊसतोड्याचा ताप हटेना, म्हणून डॉक्टरांनी एचआयव्ही तपासायला सांगितलं होतं. तिनं फणीचा एक दात त्याच्या रक्तात बुडवला होता, शेजारचा स्वतःच्या. तुलनेला निरोगी रक्त म्हणून आपलंच वापरायची तिला जुनी सवय होती. एक ठिपका म्हणजे सुटका, दोन म्हणजे आजार. दोन्ही दातांवर दोन-दोन ठिपके उठले होते. “कावेरे, लेकरू रडायलंय की!” आतून सासूबाई ओरडल्या. थोरल्या मुलीनं तान्ह्याला आणून मांडीवर ठेवलं. कावेरीचा हात आपसूक पदराकडे गेला अन् तिथंच थिजला. आजार दुधातूनही जातो, हे तिला ठाऊक होतं. पोरीनं विचारलं, “आई, ह्याला लई भूक लागलीय. पाजीनास कावून?”