जागेचा आवाज

पडद्यावर अब्बांचा चेहरा आला तेव्हा नगमाने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. अब्बा मान उंच करून स्वतःलाच बघत होते. त्यांच्या पलीकडे डोमाजीकाका, त्यांचा पेट्या ठोकणारा जुना जोडीदार. मुंबईच्या एका टीव्ही वाहिनीने भरवलेल्या विद्यार्थ्यांच्या फिल्मस्पर्धेसाठी दोघं पहाटेच्या एसटीने वरूडहून अकोल्याला आले होते. अब्बांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि नखांतला भुसा काडीने कोरून काढला होता.

नगमा अमरावतीच्या कॉलेजात पत्रकारिता शिकत होती. वर्षअखेरीस दोघादोघांनी मिळून एक फिल्म करायची होती. तिचा जोडीदार शिवम. त्याला ती घरी घेऊन गेली, कारण अब्बा संत्र्याच्या लाकडी पेट्या करत आणि ते काम आता संपत चाललं होतं. ओठांच्या कोपऱ्यात खिळे धरून अब्बा अर्धा तास कॅमेऱ्यासमोर बोलले. कोणतं लाकूड खिळा मारताच फाटतं, प्लास्टिकचे क्रेट आल्यापासून किती हात रिकामे झाले, सगळं. "माह्या हातची पेटी कलकत्त्याले गेली. मी अकोल्याच्या पुढं नाही गेलो," असं म्हणून ते इतके हसले की तोंडातला एक खिळा खाली पडला.

बोलणं संपल्यावर नगमा म्हणाली, "अब्बा, आता एक मिनिट एकदम गप्प बसा. जागेचा आवाज घ्यायचा आहे." वर्गात तसं शिकवलं होतं. माणसाचं बोलणं कापून जोडताना मध्ये जी फट राहते, तिथे त्याच जागेची शांतता भरायची.

"गप्प बसाचंही शूटिंग असते?" अब्बांनी विचारलं. मग हातोडी बाजूला ठेवली आणि हसू येऊ नये म्हणून मान खाली घातली. डोळ्यात भुसा गेला, तो गमछ्याच्या टोकाने पुसला. फक्त आवाज हवा होता, पण शिवमने कॅमेरा बंद केला नव्हता. फिल्मची शेवटची जोडणीही त्यानेच एकट्याने केली होती.

आता पडद्यावर तेच एक मिनिट चाललं होतं. गती कमी केलेली, मागे बासरी. अब्बांची खाली गेलेली मान, डोळ्याकडे जाणारा गमछा. खाली नावाची पट्टी सरकत आली. ती नगमानेच केली होती, संत्र्याच्या सालीचा रंग देऊन. 'शेख नबी, पेटी कारागीर' ही अक्षरं नीट बसवायला तिला दोन दिवस लागले होते. रंग तोच होता. अक्षरं मात्र वेगळी होती : 'शेख नबी, शेतकरी, वरूड.' आणि त्यावर शिवमचा आवाज, "बाग वाळली. आता यांच्याजवळ शब्दही उरले नाहीत."

"नबी, तुही बाग कधी झाली बे?" डोमाजीकाका कुजबुजले. "मले सांगितलंही नाही!"

"चूप रे. पाहू दे," अब्बा म्हणाले. "बोलनं पुढं असन."

पुढे नव्हतं. पुढे कुणाच्या तरी बागेतली वाळलेली झाडं होती, आणि शेवटी नावं. पहिलं नाव नगमाचं.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. नगमा मागच्या रांगेकडे वळली.

"शिवम, अब्बांचं बोलणं कुठाय?"

"अवं, सरच म्हणाले, पेटीवाल्याले कोन पाह्यते? यंदा मुंबईवाल्यायले शेतकरीच पाह्यजे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असती." तो जरा पुढे वाकला. "तुहं नाव पह्यलं टाकलं ना मी?"

तेवढ्यात मंचावरून त्यांच्याच फिल्मचं नाव पुकारलं गेलं. पहिला क्रमांक. दोघांना मुंबईच्या वाहिनीत सहा महिने शिकायला मिळणार होतं. नगमा कशी उठली, कशी वर गेली, प्रमाणपत्र कोणत्या हाताने घेतलं, तिला कळलं नाही. वाहिनीच्या बाई ध्वनिक्षेपकावर म्हणाल्या, "आणि नबीभाऊ स्वतः इथे आले आहेत, असं मला कळलंय." मंचाच्या पायऱ्या उतरून त्या थेट अब्बांपाशी गेल्या. मागोमाग नगमा, शिवम आणि दोन फोटोवाले. अब्बा गडबडीने उठून उभे राहिले.

"भाऊ, किती झाडं गेली तुमची?" बाईंनी विचारलं. आवाजात खरंच काळजी होती.

अब्बांनी नगमाकडे पाहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. तिने हातातल्या प्रमाणपत्राची कड बोटांनी सरळ केली, मग पुन्हा सरळ केली.

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मान खाली घातली. खिशातला रुमाल काढून कोरडे डोळे टिपले.

"दोनशे," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना.

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. फोटोवाल्यांनी दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. डोमाजीकाका खुर्चीखालची पिशवी शोधत बसले, जी त्यांच्या मांडीवरच होती.

गर्दी पांगली. अब्बा खाली बसले, कुर्त्याची घडी सारखी केली आणि नगमाच्या कानाशी आले.

"दोनशे बोललो, बेटा. कमी तं नाही झाले ना?"