टिचकी

गुप्तेकाकांनी बिलोरी पेला देठाशी धरला आणि काठावर टिचकी मारली. आमच्या शंभर वर्षांच्या दुकानात हातघडणीची काच अशी वाजवूनच विकतात. चांगला पेला घंटेसारखा किणकिणतो. तडा गेलेला बद्द वाजतो.

काकांना दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, हे फक्त मला माहीत. समोरच्या पॅकिंगच्या टेबलावरून मी मान डोलावली, की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "ऐका, कसा गातोय!"

आज नवे मॅनेजर नेमके आमच्या मध्ये उभे राहिले. पेला बद्द वाजला. मी टाचा उंचावल्या, हात हलवले. काकांची नजर मला शोधत भिरभिरली. गिऱ्हाईक बाई वाट बघत होत्या. शेवटी ते हसून म्हणाले, "ऐका, कसा गातोय!"

बाई तशाच निघून गेल्या. मॅनेजरांनी पेला उजेडात फिरवून तडा पाहिला. मान वर न करताच ते म्हणाले, "काका, उद्यापासून येऊ नका." मग तेही गेले.

"नोकरी राहिली ना गं?" काकांनी विचारलं.

मी मान डोलावली. ते हसले आणि उद्यासाठी पेले पुसून ठेवू लागले.