चार बोटांचा काळ

"इथून भिंत सुरू होते," अण्णासाहेब म्हणाले आणि काठी टेकून उभे राहिले.

मागून जिंतूरच्या वाचनालयाची आठ माणसं धापा टाकत वर आली. सगळ्यांत शेवटी पेशकार व्यंकटराव. तालुक्याच्या कचेरीत बसून बसून त्यांना डोंगर पारखा झाला होता.

शुक्रवार, जुम्म्याची सुट्टी होती. सोमवारी सडकेचा ठेकेदार ही भिंत फोडून तिची खडी करणार होता. ती वाचवायची तर एकच वाट होती. भिंत पुरातन आहे असा पंचनामा पेशकारांनी आजच्या आज करायचा. म्हणून अण्णासाहेबांनी ही सहल काढली होती. शाळेत इतिहास शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले, पण आपण शोधला असं म्हणावं असं काही हाती लागलं नव्हतं. ही भिंत दिसली तेव्हा ते लागलं. पोटच्या पोरीवर असावा तसा त्यांचा तिच्यावर जीव होता.

वाट दाखवायला खालच्या वाडीतला सटवाजी होता. साठी ओलांडलेला, अंगावर घोंगडी, डाव्या हातात काठी. सकाळी त्याने घोंगडीतूनच रामराम केला, तो अण्णासाहेबांना जरा खटकला होता. त्याच्यामागे भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन त्याची बायको कडूबाई चालत होती.

"किती जुनी असेल रे भिंत, सटवाजी?" पेशकारांनी विचारलं.

"कुनी मोजलंय साहेब? आता डोंगराचीच झाली ती."

"लिहून घ्या," अण्णासाहेब म्हणाले. "गावाच्या आठवणीपलीकडची. माझ्या मते चारठाण्याच्या पुरातन देवळांइतकी तरी."

मंडळी भिंतीच्या कडेनं चालू लागली. दर दहा हातांवर दगडांमधल्या चुन्यात हाताचा एक ठसा होता. पाच बोटं स्पष्ट, करंगळी जराशी बाहेर वळलेली. अण्णासाहेबांनी प्रत्येक ठशावर पट्टी धरून माप घेतलं. माप एकच.

"ही राजमुद्रा," ते म्हणाले. "त्या घराण्याची खूण."

तासाभराने वाट एका अवाढव्य धोंड्यापाशी आली. भिंत त्याच्यावरूनच पुढे गेली होती. कडूबाईने पाटी उतरवली आणि धोंड्याकडे पाठ करून बसली.

"एवढा धोंडा वर चढवला कुणी?" वाचनालयातल्या एकाने विचारलं.

"हत्तींनी," अण्णासाहेब म्हणाले.

"मानसंच आसतील मास्तर," सटवाजी म्हणाला. "उपाशी मानूस लय वढतो."

अण्णासाहेबांनी कौतुकाने मान हलवली. अडाणी माणूसही कधी कधी बरं बोलून जातो.

धोंड्यापलीकडचा पहिला ठसा पाहून पेशकार थबकले. "मास्तर, इथं अंगठा दिसत नाही. पुढच्यालाही नाही. चारच बोटं."

याच प्रश्नाची तर अण्णासाहेब वाट पाहत होते. "हाच खरा पुरावा, व्यंकटराव. पाच बोटांचा काळ इथं संपला आणि चार बोटांचा सुरू झाला. एक राजवट बुडाली, दुसरी आली. मध्ये शंभर वर्षं तरी गेली असतील. पण करंगळी पाहा, तशीच बाहेर वळलेली. राज्यं बुडतात, परंपरा बुडत नाही."

पेशकारांनी तेही लिहून घेतलं. सटवाजी खोकला आणि पुढे झाला.

दुपारी आवळीच्या झाडाखाली भाकऱ्या सोडल्या. कडूबाईने नवऱ्याची भाकरी स्वतः कुस्करून आमटीत कालवून दिली. तो सगळ्यांकडे पाठ करून जेवायला बसला.

"म्हातारपणीही लाड चालू आहेत म्हणायचे," पेशकार हसले. "लग्नाला किती वर्षं झाली, बाई?"

"छप्पनचा दुष्काळ पडला, चाळीस सालं झाली त्याला, तवा लग्नाला दोन वर्सं झाली हुती," कडूबाई म्हणाली. "गाव ओस पडलं. ह्या डोंगरानं जगवलं आमाला."

कंदमुळं खाल्ली असतील बिचाऱ्यांनी, असं अण्णासाहेबांच्या मनात आलं आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

उतरणीवर भिंत एकदम संपली. पुढे ना दरी, ना बुरूज. नुसतं गवत. शेवटच्या थरातले दोन दगड तर तसेच बाजूला पडून होते.

"अशी मध्येच का थांबली?" पेशकारांनी विचारलं.

"शत्रू चालून आला असणार," अण्णासाहेब म्हणाले.

"पाऊस आला आसंल," सटवाजी म्हणाला.

सगळे हसले. सटवाजीही हसला.

पेशकारांनी मांडीवर पाटी घेऊन पंचनामा पुरा केला आणि मोठ्याने वाचला. भिंत किमान हजार वर्षांची. दोन राजवटींत बांधलेली. ती कोणी बांधली हे हयात माणसांपैकी कोणालाही ठाऊक नाही. सबब ती फोडू नये.

अण्णासाहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी झोकात सही ठोकली.

"आता गावचा साक्षीदार. ये सटवाजी, अंगठे लाव. हा कागद वर जायचा आहे, दोन्ही हातांचे लागतील."

सटवाजी जागचा हलला नाही. "कुनालाच ठावं न्हाई, आसं लिवलंय?"

"तसंच लिहिलंय. का रे?"

त्याने कडूबाईकडे पाहिलं.

"लावा की वो," ती हळूच म्हणाली. "भिंत ऱ्हाईल."

सटवाजीने काठी खाली ठेवली. डावा अंगठा लावला. मग घोंगडीतून सावकाश उजवा हात काढला.

"अंगठा तुटलाय होय? आधी सांगायचंस की," पेशकार म्हणाले. "बरं, पंजा लाव. चालतो."

कडूबाईने त्याच्या तळहाताला शाई फासली. सटवाजीने हात कागदावर टेकला आणि सवयीने जोर देऊन दाबला. पेशकारांनी शाई वाळायला कागद अण्णासाहेबांपुढे धरला. त्यावर चार बोटं उमटली होती, करंगळी जराशी बाहेर वळलेली.