खांद्याच्या वर

गाडीवरून पडून नवऱ्याचा उजवा खांदा मोडला, तेव्हापासून पाच महिने ना तिचं डोकं भिंतीवर आपटलं, ना तिचा दात पडला. तरी खांद्याचा व्यायाम सुरू करायची वेळ आली तेव्हा कंबर तिनेच कसली. रोज सकाळी त्याच्या दंडाला तेल चोळायचं, मनगट धरून हात वर न्यायचा, आणि त्याने कळवळून कितीही शिव्या हासडल्या तरी दहापर्यंत मोजायचं.

आज फिजिओथेरपीच्या मॅडमचा फोन आला. "काय ताई, आता स्वतःहून हात उचलतात का?"

फुटलेल्या ओठावरचा बर्फ तिने बाजूला केला. "हो. कालपासून उचलायला लागले."

 

"शाब्बास! सगळी मेहनत तुमची हं!"